वसई नेमकी कोणत्या तारखेला घेतली?

वसईचा किल्ला मराठ्यांनी कोणत्या दिवशी घेतला, या प्रश्नाला पुस्तकांत चार उत्तरं सापडतात: ५ मे, १२ मे, १६ मे आणि २३ मे. साल सगळीकडे १७३९ आहे, आणि सेनापती चिमाजी अप्पाच. रोजचा दिनविशेष लिहिणारा इथे अडखळतो. मग हाताशी असलेल्या पुस्तकातली एक तारीख उचलतो, आणि बाकीच्या तीन चुकीच्या आहेत असं वाचणारा समजून चालतो.

चारही बरोबर आहेत. त्या चार वेगवेगळ्या घटनाही नाहीत, दोनच आहेत. ५ आणि १६ मे हा एकच दिवस, १२ आणि २३ मे हाही एकच. मधलं अंतर दोन्हीकडे अकरा दिवसांचं आहे.

हे अकरा दिवस युरोपातून आले. ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जुन्या पंचांगातली साचलेली चूक काढली. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर धरला. तेव्हा फरक दहा दिवसांचा होता; १७०० हे लीप वर्ष जुन्या पंचांगाने धरलं, नव्याने नाही, म्हणून तो अकरा झाला. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत मानली नाही. त्यामुळे १७३९ साली वसईच्या तटाआड पोर्तुगीज अधिकारी कागदावर १६ मे लिहीत होता, तेव्हा मुंबईतला इंग्रज त्याच दिवशी ५ मे लिहीत होता. मधे फक्त खाडी आणि साष्टी. मराठी छावणीतल्या कागदांना या दोघांशीही कर्तव्य नव्हतं. तिथे वैशाख शुद्ध पक्ष चालू होता, शके १६६१. आपल्याकडच्या इतिहासलेखनात १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने देण्याचा पायंडा पडला. पोर्तुगीज साधनांवरून लिहिणाऱ्यांनी नवी पद्धत ठेवली. दोन्ही परंपरांतली पुस्तकं एकाच कपाटात आली आणि घोळ सुरू झाला.

या सगळ्यात एक गोष्ट अढळ राहते, ती म्हणजे वार. पोपने तारखा उडवल्या, पण वारांची साखळी तोडली नाही. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. जुन्या पद्धतीचा ५ मे १७३९ घ्या किंवा नव्या पद्धतीचा १६ मे, दिवस शनिवारच निघतो. आपल्या पूर्वजांनी तिथीबरोबर वार लिहायची सवय ठेवली, हे संशोधकांवर मोठे उपकार आहेत. जंत्री उघडून तिथी लावायची, वार जुळतो का ते पाहायचं, आणि जुळला तरच तारीख पक्की मानायची. शंभर मजकुरांनी दिलेली तारीख एका वारापुढे खोटी ठरू शकते.

तारीख कोणत्या पंचांगातली हे पाहिलं नाही तर काय हरवतं, याचं उदाहरण त्याच शनिवारचं आहे. दिल्लीत सत्तावन्न दिवस ठाण मांडून, कत्तल करून, मयूर सिंहासन आणि अलोट खजिना घेऊन नादिरशहा ज्या दिवशी परत निघाला, तो दिवसही नव्या पद्धतीने १६ मे १७३९, जुन्या पद्धतीने ५ मे. दिल्ली लुटून एक फौज निघते आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता तह मागते आहे, हे एकाच दिवशी घडलं. पण एक तारीख एका पुस्तकातून आणि दुसरी दुसऱ्यातून घेतली, तर या दोन घटना अकरा दिवसांनी दूर जातात. नादिरशहा दक्षिणेकडे वळलाच तर काय, ही काळजी बाजीरावाला त्या सगळ्या काळात होती. वसईचा वेढा त्या काळजीच्या सावलीत चालला होता, हे तारखा नीट जुळवल्यावरच उमगतं.

आता उरल्या दोन घटना. वसईची मोहीम १७३७ साली ठाणे आणि साष्टीपासून सुरू झाली होती. १७३९ च्या फेब्रुवारीत किल्ल्याला वेढा पडला. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, चढाई करायची तर उत्तरेकडच्या वाळूच्या जमिनीवरूनच. तिथल्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग खणले गेले. काही उडाले, काही उलटले, आपलीच माणसं दगडांखाली गेली. अखेर बुरुजाला खिंडार पडलं आणि आतल्यांनी बोलणी लावली. त्या शनिवारी ठरला तो तह. शिबंदीने हत्यारांसह, ताशे वाजवत बाहेर पडावं. ज्यांना जायचं त्यांना आठ दिवसांची मुदत. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. ती मुदत भरली पुढच्या शनिवारी, म्हणजे १२ किंवा २३ मे या दिवशी. त्या दिवशी किल्ला रिकामा झाला आणि भगवा चढला.

मग विजयाचा दिवस कोणता? माझ्या मते तह ठरला तो. लढाई तिथेच संपली. पण निशाण चढलं तो दिवस धरणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, त्याने फक्त तसं स्पष्ट लिहावं. आणि ज्यांची घरं त्या आठ दिवसांत गलबतांवर चढली, किंवा धर्माच्या त्या कलमाच्या भरवशावर इथेच राहिली, त्यांच्या दृष्टीने सगळा आठवडाच दिनविशेष होता. एका ओळीत तो मावत नाही.

थोरल्या बाजीरावांची पुण्यतिथीही अशीच. २८ एप्रिल १७४० ही प्रसिद्ध तारीख जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीने ती ९ मे येते. तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, तिच्यात काही फरक पडत नाही.

काही वेळा दिवस जाणूनबुजून हलवलेला असतो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेले. त्यांचा स्मृतिदिन चर्चच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला येतो, कारण ५ तारीख आधीपासून संत अगाथा यांची आहे.

आणि ‘वसईचा तह’ हा परीक्षेतला आवडता प्रश्न. अपेक्षित उत्तर ३१ डिसेंबर १८०२, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला. तोवर इंग्रजही नव्या पंचांगावर आले होते, त्यामुळे या तारखेचं रूपांतर करावं लागत नाही. पण त्याआधी २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तोही वसईचाच तह. पोपच्या सुधारणेला तेव्हा अजून अठ्ठेचाळीस वर्षं होती, म्हणून ती तारीख जुन्याच पद्धतीची. प्रश्न काढणाऱ्याने साल किंवा दोन्ही पक्षांची नावं घातली, तर मुलांचा एक गुण वाचेल.