साडेआठचा पाऊस

वाईच्या गंगापुरीत गार्गी नावाची एक मुलगी राहत होती. वय पंधरा. इयत्ता म्हटली तर दहावी, म्हटली तर कुठलीच नाही. सहावीनंतर आईबाबांनी तिला शाळेतून काढलं, पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि तिघंही वाईला राहायला आले. मुलांना मोकळं सोडलं की ती आपणहून शिकतात, असं बाबांचं ठाम मत होतं; आणि पहिली तीन वर्षं गार्गीने त्यांना खोटं पाडलं नाही. ती पांडवगड चढली. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं तिने वहीत उतरवली. कुंभाराकडे जाऊन पहिलं धड मडकं निघेपर्यंत चिखलात हात घातले. नातेवाईक विचारत, "मग हिच्या शाळेचं काय?" तेव्हा बाबा ते मडकं दाखवत.

मग दहावी आली. मडकं दाखवून दहावी होत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांना राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. बाबांनी मात्र एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान निवडलं. ही संस्था १९८९ सालची. ज्यांची शाळा सुटली किंवा राहूनच गेली, त्यांना पुन्हा वाट मिळावी म्हणून नियम मुद्दामच सैल ठेवलेले. चौदा वर्षं पूर्ण असली की दहावीला नाव घालता येतं. पाच विषय, पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ वेळा बसता येतं, आणि पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. ही सोय फार शहाणपणाने केलेली आहे. फक्त पंधरा वर्षांच्या मुलीला ती सांगू नये. पाच वर्षं मुदत आहे हे कळल्यावरही आजच वर्गसमीकरणं सोडवायला बसेल असा माणूस विरळा.

पुस्तकांचा गठ्ठा आला. गार्गीने त्याच दिवशी सगळ्यांना खाकी कव्हरं घातली, ते काम उत्तम झालं. मग वेळापत्रक केलं. चार रंगांची स्केचपेनं, गणित निळं, विज्ञान हिरवं, दुपारचं जेवणसुद्धा नारिंगी चौकटीत. फ्रिजवर लावलं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी आईबरोबर साताऱ्याला जावं लागलं, पाचव्या दिवशी चौथ्या दिवसाचा अभ्यास शिल्लक होता, आणि सहाव्या दिवशी दोन दिवसांचा शिल्लक अभ्यास कोणत्या रंगात लिहावा हे ठरेना म्हणून नवं वेळापत्रक करायला घेतलं. ते जुन्यावरच चिकटवलं. मे संपेपर्यंत फ्रिजवर चांगला जाड थर झाला होता आणि गणिताचा अजून तिसराच धडा चालू होता.

"मूडच येत नाही," ती म्हणायची. मूड कसा आणावा याचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर होते. पहाटे पाचला उठलेला कुणी धिप्पाड तरुण ओरडून ओरडून सांगायचा की उठ, जग तुझी वाट बघतंय. गार्गी ते पलंगावर आडवी पडून बघायची. एक संपला की दुसरा लागायचा, आणि दुपार जायची. पुण्यातल्या जुन्या मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायच्या, "तुझी काय बाई मज्जा आहे." गार्गीला उलट त्यांचाच हेवा वाटे. त्यांना मूड लागतच नव्हता. सकाळी व्हॅनवाले काका दारात हॉर्न वाजवत आणि पोरी अर्धवट झोपेत वर्गात जाऊन बसत. शाळा शिकवते किती यावर वाद घालता येईल. पण ती मुलाला रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी नेऊन बसवते. मुलांना घरी शिकवायला निघालेल्या आईबापांना हे काम कोण करणार हा प्रश्न बहुधा सगळ्यात शेवटी सुचतो.

शेजारी आप्पा राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत धरणांवर पाऊस मोजला, आणि पेन्शनीत गेल्यावरही सवय सुटेना म्हणून परसात स्वतःच्या पैशाने पर्जन्यमापक बसवला. त्यावर सावली नको म्हणून आंब्याची मोठी फांदी तोडली, तेव्हा काकी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. जूनमध्ये आप्पांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा झाला की काही आठवड्यांनी दुसरा, आणि पावसाळा संपेपर्यंत पुण्यालाच राहायचं, हा लेकीचा हट्ट.

आप्पा फाटकाची किल्ली घेऊन आले. "गार्गी, एक काम करशील? रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा."

"रोज?"

"पाऊस रोजचाच असतो ना. आणि साडेआठ म्हणजे साडेआठ. अख्ख्या देशात त्याच वेळेला मोजतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला, तो आजच्या तारखेला."

त्यांनी तिला करून दाखवलं. वरचं नरसाळं उचलायचं, आतली बाटली काढायची, पाणी मापाच्या काचेत ओतायचं. काच सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा. "पाणी कडेला काचेवर थोडं चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही. मधला खोलगट भाग कुठे टेकतो ते वाच." गार्गीने वाकून वाचलं. रात्रीची एक सर झाली होती. चार पूर्णांक दोन. आप्पांनी वहीत तारीख घालून ४.२ लिहिलं आणि पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं.

"आणि पाऊस पडलाच नसेल तर?"

"तर शून्य लिहायचं. शून्य पूर्णांक शून्य."

"मग त्या दिवशी येऊन उपयोग काय?"

आप्पांनी वही तिच्यापुढे धरली. "शून्य लिहिलं म्हणजे कुणीतरी इथं आलं, बाटली उघडली, आणि ती कोरडी होती. कोरी जागा सोडली म्हणजे कुणी आलंच नाही. मग पाऊस पडला की नाही ते देवालाच ठाऊक. शून्याची बेरीज करता येते. कोऱ्या जागेचं काय करणार?"

काम दोन मिनिटांचं होतं, पण त्यासाठी साडेआठला तोंड धुऊन, केस बांधून, चपला घालून घराबाहेर असावं लागे. पहिल्या आठवड्यात गार्गी धावतपळत जायची, मोजायची आणि परत येऊन लोळायची. वाई डोंगराच्या पलीकडच्या कुशीत पडते. महाबळेश्वरला कोसळत असतो तेव्हा इथं नुसतं आभाळ भरून येतं आणि भुरभुर होऊन जाते. भूगोलात पर्जन्यछाया वाचली होती, ती आता बाटलीत दिसत होती: ०.०, १.४, ०.०, ०.०. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत आप्पांच्या वळणदार अक्षरात नियम लिहिलेले होते. एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर 'किंचित' लिहावे. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पडल्यास तो पावसाचा दिवस धरावा.

जुलैच्या मध्यावर एका रात्री ती दोन वाजेपर्यंत मोबाइलवर होती. जाग आली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि बाहेर चांगली झड लागली होती. बाटलीत पाणी होतं. पण त्यातलं साडेआठच्या आधीचं किती आणि नंतरचं किती? तिने वही उघडली. १२.० लिहून टाकावं असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? पेन टेकवलं, उचललं, आणि पुण्याला फोन लावला.

आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "आजची जागा सोड. उद्या वेळेवर मोज आणि पुढे लिही, दोन दिवसांचा एकत्र." मग थोडं थांबून हसले. "अंदाजाने आकडा नाही टाकलास हे बरं केलंस. आमच्याकडे एक पोरगा होता. घरी बसून अख्ख्या आठवड्याची शून्यं भरून द्यायचा. एकदा त्या आठवड्यात आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर सत्तर-ऐंशी मिलिमीटर पडला, आणि याच्या वहीत कडक ऊन!"

दुसऱ्या दिवशी तिने मोजून ३१.६ लिहिलं, पुढे 'दोन दिवसांचा एकत्र'. वरची एक ओळ कोरी राहिली. ती तिला फार टोचली. सगळी वही नीटनेटकी आणि मध्येच ते भोक.

आप्पांच्या ओट्यावर बसून ती त्या ओळीकडे बघत राहिली. मोबाइल घरी चार्जिंगला होता, आणि बाबांचं वायफाय ओट्यापर्यंत पोचतही नव्हतं. वही उलटी करून तिने मागच्या पानावर तसेच रकाने आखले. तारीख, आकडा, शेरा. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत आपण गणिताची किती उदाहरणं सोडवली? तिने लिहिलं, ०.०. आदल्या दिवशीचं आठवून लिहायचा मोह झाला, तो तिने आवरला. ते कुणी मोजलेलं नव्हतं.

पुढच्या दिवशीही ०.०. त्याच्या पुढच्या दिवशीही. फ्रिजवरच्या वेळापत्रकातला अभ्यास बुडला की तिला अपराधी वाटायचं आणि ती वेळापत्रक बदलायची. इथं बदलायला काहीच नव्हतं. पुढे काय करणार हे या वहीत लिहायची सोयच नव्हती, झालेलंच लिहायचं. चौथ्या सकाळी पाऊस मोजून झाल्यावर ती घरी जाऊन गणिताचं पुस्तक घेऊन आली, केवळ उद्या पुन्हा शून्य लिहायचा कंटाळा आला म्हणून. दोन उदाहरणं सुटली. तिसरं अडलं.

किती सुटली म्हणजे अभ्यासाचा दिवस धरायचा? हवामान खात्याने पावसाला अडीच मिलिमीटरची अट घातली होती. अंगणही धड भिजत नाही तेवढ्यात. गार्गीने तीन उदाहरणांची घातली. नुसतं पुस्तक उघडून एखादं पान वाचलं तर 'किंचित'. पंधरा ठेवावीत असं मनात आलं होतं, पण पंधराची वेळापत्रकं फ्रिजवर होतीच की.

ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली. पुढच्या पानांवर शून्यं आणि मागच्या पानांवर तीन, चार, किंचित, शून्य, सहा. एकदा अकरा. अकराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य, कारण डोकं दुखत होतं. पूर्वी अशा एका दिवसाने सगळं मोडायचं. आता शून्य लिहून पान पुढे जायचं, आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला बाटली उघडायची असायचीच. महिन्याच्या शेवटी तिने दोन्ही बाजूंच्या बेरजा केल्या. पाऊस बेताचाच झाला होता. उदाहरणं शंभराच्या पुढे गेली होती. तिने दोनदा पुन्हा बेरीज करून पाहिली.

पुढे विज्ञानाचा रकाना आला, मग मराठीचा. एनआयओएसमध्ये टीएमए म्हणून गृहपाठ असतात, लेखी गुणांतले २० टक्के त्यांचे. ते शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री न लिहिता पूर्ण झाले. अक्षर मात्र होतं तसंच राहिलं.

दसऱ्याला आप्पा परत आले, काळा चष्मा लावून. आधी परसात जाऊन नरसाळं पुसलेलं आहे का ते पाहिलं, मग वही मागवली. पान पान वाचलं. जुलैच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून मान डोलावली. वही मिटताना त्यांच्या हाताला मागची पानं लागली.

"हे काय?"

गार्गीने सांगितलं. आप्पांनी चष्मा वर करून तेही सगळं वाचलं. "सरकारी वही असती तर मेमो मिळाला असता तुला." मग रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली. "आणि एकक कुठंय? नुसतं चार म्हणजे चार काय? मिलिमीटर? आंबे? एकक लिहीत जा, नाहीतर दुसऱ्याला वाचता येत नाही." तिने तिथंच बसून प्रत्येक पानावर 'उदाहरणे' लिहिलं.

पावसाळा संपला तरी आप्पांनी किल्ली परत मागितली नाही. अवकाळी काही विचारून येत नाही, एवढंच म्हणाले. नोव्हेंबरात सगळी शून्यंच होती, पण ती रोज साडेआठला लिहिली गेली, आणि त्यानंतर ओट्यावर तास-दीड तास पुस्तक उघडं असायचं. एप्रिलमध्ये गार्गीने तीन विषय दिले आणि तिन्ही सुटले. विज्ञान आणि इंग्रजी तिने हिशेब करूनच ऑक्टोबरला ठेवले. रकान्यातले आकडे बघता ते एप्रिलला झेपणारे नव्हते.

मे महिन्यात पुण्याला घरचं लग्न होतं. बाबा पंगतीत सगळ्यांना सांगत होते की मुलांवर विश्वास टाकला की त्यांच्यात स्वयंप्रेरणा जागी होते. गार्गीने त्यांना बोलू दिलं. मावशी मात्र तिला बाजूला घेऊन म्हणाली, "आमचा सोहम क्लास लावूनसुद्धा पुस्तक उघडत नाही गं. तू एकटी घरात बसून कशी काय करतेस? काय सांगतेस मनाला?"

"मनाला काही नाही सांगत," गार्गी म्हणाली. "साडेआठला शेजारी जाते, आणि काल काय झालं ते लिहिते."

मावशी थोडा वेळ पुढचं ऐकायला थांबली, आणि मग मठ्ठा वाढायला निघून गेली.