वरचा मजला

आमगावच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना गोंदिया शहरात घर हवं होतं. नातवंडांच्या शाळा, दवाखाना, रेल्वे, सगळं तिथंच. फंडाचा पैसा हातात होता. एके दिवशी पेपरात बँकेच्या ई-लिलावाची नोटीस दिसली: दुमजली घर, राखीव किंमत 25 लाख. त्या गल्लीत असलं घर 40 लाखांच्या आत मिळत नाही, हे दलालानं त्यांना सांगितलेलंच होतं.

गुरुजी घर बघून आले. आधी एकटे, मग जावयाला घेऊन. सागवानी दार निरखलं, कंपाउंडची लांबी पावलांनी मोजली. खालच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता, ओट्यावर जेवणाचे डबे रांगेनं मांडलेले होते.

"आत कुणीतरी राहतं, बाबा. विचारायचं का?" जावई म्हणाला.

"कर्जात बुडालेल्याच्या दारी जाऊन 'तुमचं घर घेतोय' म्हणायचं? राहू दे. बँक सांगेल काय ते."

गुरुजींचा संकोच भल्या माणसाचा होता. भल्या माणसाचे संकोच पुष्कळदा असेच महागात पडतात.

आणि बँकेनं सांगितलंही होतं, बारीक टायपात. 'सांकेतिक ताबा' हे शब्द होते, 'जसे आहे, जेथे आहे' हेही होतं. सांकेतिक ताबा म्हणजे भिंतीवर नोटीस चिकटवलेली. किल्ली हातात असतेच असं नाही. गुरुजींनी हे वाचलं आणि सरकारी भाषा म्हणून सोडून दिलं. 27 लाखांना बोली सुटली. 25 टक्के रक्कम दुसऱ्या कामाच्या दिवशी भरली, उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. विक्री प्रमाणपत्र हाती आलं, तेव्हा आमगावात पेढे वाटले.

मग किल्ली मागायला गेले. बँकेकडं ती कधी नव्हतीच.

शेवटी एकदाचं दार वाजवलं. मेस चालवणाऱ्या मावशींनी उघडलं, हात पिठाचे. "या गुरुजी. मागं बाहेरूनच बघून गेलात. वाटलं होतं, आता तरी विचारतील." आतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला कागद आणला. तळमजल्याचा नोंदणी केलेला भाडेपट्टा, घर गहाण पडण्याच्या आधीचा. ताबा काढतील या भीतीनं नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात त्यांनी अर्जही करून ठेवला होता. वरच्या मजल्यावरचा मूळ मालक केव्हाच निघून गेला होता. तिथलं मीटर बिल थकल्यानं काढून नेलेलं, नगर परिषदेचा करही बाकी.

गुरुजी तडक बँकेत गेले. अधिकारी सौजन्यानं बोलला. 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं ताब्यासाठी अर्ज करता येतो, म्हणाला. पण तो करायचा बँकेनं, खरेदीदारानं नव्हे. आणि बँकेचे पैसे तर वसूल झालेले. त्या फाईलला आता कसली घाई?

वकिलांनी कागद चाळले. "एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जुना मालक आता पैसे भरून घर परत मागू शकत नाही. लिलावाची नोटीस छापून आली की तो हक्क संपतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात सांगितलंय."

"आणि मावशी?"

"गहाणाच्या आधीचा, नोंदवलेला पट्टा आहे. मुदत संपेपर्यंत तिला हलवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाचा सूर तोच आहे. भाडं मात्र आता तुमचं. सर्च रिपोर्ट काढला होता का? निबंधक कार्यालयात हा पट्टा दिसला असता."

गुरुजी गप्प.

"विजेचंही ऐका. नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नव्याकडून मागता येते. हेही सर्वोच्च न्यायालयाचंच, मे 2023 चं. म्हणजे नवीन मीटर मागायला गेलात की आधी तो हिशेब निघेल."

वकिलाची फी देऊन गुरुजी पुन्हा मावशींकडं गेले. या खेपेला त्या चहा टाकूनच बसल्या होत्या.

"मावशी, लिलावाआधी मी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

"तेव्हा बाजूच्या गल्लीत मेससाठी जागा मिळत होती, गुरुजी. थोडी मदत केली असती तर दोन महिन्यांत खाली केलं असतं. पण घर कोण घेतंय हेच कळेना, मग कुणाशी बोलणार? आता ती जागा गेली. पट्ट्याची अजून चार वर्षं आहेत."

गुरुजींनी चहा संपवला. खालचं तर अडकलं. वरचा मजला रिकामा आहे, आपण दोघं म्हातारा-म्हातारी तिथं राहू, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

"वर जायला जिना कुठून आहे?"

"माझ्या स्वयंपाकघरातून," मावशी म्हणाल्या. "दुपारी बाराच्या आत तेवढं येऊ नका. डबे भरायचे असतात."