मनूचा मासा आणि मुलांचा समुद्र

समुद्रातील जीवसृष्टीची ओळख मुलांना करून देताना आरंभ बहुधा प्राण्यांपासून होतो. देवमासा, कासव, ऑक्टोपस यांची चित्रे दाखवली जातात, त्यांच्याविषयी प्रेम वाटावे आणि त्यांना इजा करू नये एवढा संस्कार मनावर बिंबला की धडा पुरा झाला असे मानले जाते. या रीतीच्या मुळाशी एक तात्त्विक गृहीत आहे, ते असे की जीव स्वतःपुरता पूर्ण असतो आणि तो जिथे राहतो ती जागा त्याच्या असण्याला बाहेरून चिकटलेली बाब असते. हे गृहीत खरे आहे काय, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचा आहे. कारण करुणेचा विषय एकटा जीव की त्याला जगवणारे सारे काही, याचे उत्तर त्यावर ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारतीय परंपरेत एक फार जुनी कथा उपलब्ध आहे. शतपथ ब्राह्मणात मनूने हात धुण्यासाठी घेतलेल्या पाण्यात एक लहानसा मासा येतो आणि मोठे मासे आपल्याला गिळतील या भीतीने त्याच्याकडे रक्षण मागतो. मनू त्याला आधी कुंभात ठेवतो, तो वाढल्यावर खड्ड्यात आणि पुढे समुद्रात सोडतो. महाभारताच्या वनपर्वात हाच प्रवास कुंभ, मोठी विहीर, गंगा आणि समुद्र अशा टप्प्यांनी होतो. शतपथात हा मासा कोणत्याही देवाचा अवतार म्हणून येत नाही, वनपर्वात तो स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो आणि नंतरच्या पुराणांत तो विष्णूचा मत्स्यावतार होतो. कथा सांगताना भर नेहमी पुढे येणाऱ्या प्रलयावर आणि त्यात माशाने ओढून नेलेल्या मनूच्या नावेवर दिला जातो, म्हणजे दयेला मिळालेल्या फळावर. तिचा पूर्वार्ध मात्र दुर्लक्षित राहतो आणि मुलांसाठी तोच अधिक मोलाचा आहे. प्रत्येक टप्प्यावर जुनी जागा अपुरी पडते, ती अपुरी पडली की माशाला हलवावे लागते, आणि रक्षण करणाऱ्याचे काम संपते ते मासा त्याच्या ताब्यातून पूर्णपणे सुटून अशा पाण्यात गेल्यावर, जिथे मनूची सत्ता चालत नाही. कुंभातली दया खोटी नव्हती, पण तिथेच थांबली असती तर तिने माशाचा जीव घेतला असता.

शालेय पुस्तकांत ज्याला अधिवास म्हणतात, म्हणजे जिथे एखाद्या जीवाला अन्न, आसरा आणि प्रजननासाठी योग्य परिस्थिती मिळते ती जागा, त्याचा खरा अर्थ कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उमगतो. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला पट्टा रोज काही तास पाण्याखाली आणि काही तास उन्हात असतो. तिथे राहणाऱ्या प्राण्याला कोरडे पडणे, तापणे आणि लाटांचा मार हे सारे सोसावे लागते, म्हणून खडकाला घट्ट चिकटणे, शिंपला मिटून आत पाणी राखणे किंवा फटीत शिरणे ही त्याच्या देहाचीच रचना होऊन बसते. इथे जागा देहाच्या आत शिरलेली असते. रिकाम्या शंखात आपले मऊ पोट लपवणाऱ्या खेकड्याच्या बाबतीत तर देह आणि घर यांची सीमा सांगणेही अवघड होते: तो वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आणि वाळूत पडलेले शंख गोळा करून नेणारे मूल, कोणत्याही प्राण्याला हात न लावता, त्याचे पुढचे घर नेत असते. प्राण्यावर प्रेम करण्याची शिकवण या मुलाला काहीच सांगू शकत नाही.

जैन विचारात या संदर्भात एक सूक्ष्म दृष्टी आढळते. तिथे तिर्यंच, म्हणजे मनुष्येतर प्राणी, त्यांच्या वावराच्या जागेवरून जलचर, स्थलचर आणि खेचर असे ओळखले जातात, तर सर्व संसारी जीवांची प्रतवारी त्यांना असलेल्या इंद्रियांच्या संख्येवरून केली जाते. शंख-शिंपल्यातले जीव दोन इंद्रियांचे, मासा पाचांचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा अप्कायिक जीवांची कल्पना, जिच्यामुळे पाणी हे जीवांना ठेवण्याचे निर्जीव भांडे उरत नाही. या विचाराला आजच्या परिसंस्थाशास्त्राचा पूर्वावतार ठरवण्याचा मोह टाळायला हवा, कारण त्याचे प्रयोजन हिंसेचे कर्मबंधन टाळणे आणि जीवाची मुक्ती हे आहे, एखाद्या खाडीचे रक्षण हे नव्हे. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अल्डो लिओपोल्ड यांनी 1949 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा मिळून बनलेला समुदाय नीतीच्या कक्षेत आणला, तो मार्ग वेगळा आहे. तरीही दोन्ही वाटा एका जागी भेटतात: जीवाच्या भोवतीचे जग ही नीतीच्या दृष्टीने रिकामी जागा नाही.

अवघड भाग पुढे आहे. समुद्र दाखवला की मुलाला एक प्राणी दुसऱ्याला खाताना दिसतो, आणि अहिंसा शिकलेले मूल विचारते की हे कसे चालू दिले जाते. कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि महाभारताचे शांतिपर्व यांत मत्स्यन्याय ही संज्ञा येते. राजदंड नसेल तर बलवान दुर्बलांना तसे गिळतील जसे मोठे मासे लहानांना, हा तिचा आशय. ही संज्ञा माणसांच्या समाजासाठी घडलेली आहे आणि तिथे ती सार्थ आहे. ती समुद्राला परत लावली की मात्र दोन अनर्थ होतात: एकतर समुद्र हा अन्यायाचा प्रदेश वाटू लागतो, नाहीतर माणसांमधली क्रूरता निसर्गनियम म्हणून खपवली जाते. सुरमई लहान माशांना खाते तेव्हा तिच्यासमोर दुसरा पर्याय तोलण्याचा प्रश्न नसतो, माणसासमोर तो असतो, आणि ज्याला पर्याय तोलता येतो त्याच्याच कृतीला न्याय-अन्याय लागू होतात. हा भेद आठ-दहा वर्षांच्या मुलाला समजतो. मोठी माणसे तो सांगायचे टाळतात, कारण मृत्यूविषयी मुलांशी बोलणे त्यांना जड जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपण घातलेल्या जागेत सुरक्षित पुरली जातात आणि बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. तिथे मुलांपुढे हा प्रश्न उघडपणे उभा राहतो. अंडी माणसांपासून आणि कुत्र्यांपासून राखायची, पण पाण्यात शिरलेल्या पिल्लाला मासे खातील म्हणून मागे ठेवायचे नाही, असे का? सचोटीचे उत्तर असे की माणसाने जो भार वाढवला तेवढा माणसाने उतरवावा. ही रेषा दिसते तितकी स्वच्छ नाही, कारण किनाऱ्यावरची कुत्री माणसाच्या उष्ट्यावर वाढतात, तर अंडी उकरणारे कोल्हे तिथलेच रहिवासी असतात. पिल्लू मात्र मनूच्या माशासारखे सोडूनच द्यावे लागते. वाळूच्या उष्णतेवर पिल्लांचे लिंग ठरते, वाळू अधिक तापली की माद्या अधिक निपजतात, हे कळल्यावर मुलाला हेही उमगते की अंड्याला वाचवणे आणि वाळूला वाचवणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

जर्मन भाषेत लिहिणारे जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्सक्युल यांनी 1934 सालच्या पुस्तकात मांडले की प्रत्येक प्राणी त्याच्या इंद्रियांना अर्थपूर्ण असलेल्या खुणांनी बनलेल्या स्वतःच्या जगात राहतो. रात्री घरट्यातून निघालेले कासवाचे पिल्लू उजळ क्षितिजाच्या दिशेने जाते, कारण खुल्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते; किनाऱ्यालगतचा विजेचा दिवा माणसाला सोय आणि पिल्लाला खोटा समुद्र असतो. एकाच जागेत अनेक जगे नांदतात, ही जाणीव ‘स्वतःवरून दुसऱ्याचे दुःख ओळखावे’ या जुन्या उपदेशाच्या पुढची आहे, कारण इथे स्वतःवरून ओळखताच येत नाही; आधी शिकावे लागते आणि मगच कळवळा योग्य ठिकाणी पोहोचतो. ज्ञान हा करुणेचा अवयव आहे, असे म्हणण्यास इथे आधार मिळतो.

म्हणून असे शिक्षण शक्यतो त्या जागीच व्हावे. 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळेमागचा विचार, मुलाला त्याच्या जगातून उपटून शिकवू नये, हा समुद्राच्या शिक्षणालाही लागू पडतो, आणि मच्छीमारांच्या मुलांच्या बाबतीत तर तो नैतिक बंधन ठरतो. मासे मारणे पाप आहे असे वर्गात ऐकणाऱ्या कोळ्याच्या मुलीला आपल्या आईच्या टोपलीची लाज वाटू लागते, आणि समुद्राविषयी सर्वांत जास्त जाणणारे घर वर्गाबाहेर ढकलले जाते. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढायच्या, श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगाम आरंभायचा, या रिवाजात घेण्याला मर्यादा आहे आणि देणाऱ्याची आठवणही आहे. आजची पावसाळी मासेमारीबंदी कायद्याने जे साधू पाहते त्याचा गाभा त्यात सापडतो. अधिवासावर आधारलेली नीती या मुलीला मासे खाऊ नकोस असे सांगत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात अडकलेली पिल्ले, भराव टाकलेली खाडी, तोडलेले कांदळवन यांविषयी ती तिला प्रश्न विचारायला लावते, आणि त्या प्रश्नांची निम्मी उत्तरे तिच्या आजोबांना ठाऊक असतात. त्यांना वर्गात बोलावून बोलते करणे हे अभ्यासक्रमाचे काम आहे.