उघडा चौथरा, उघडा शब्द

शनिशिंगणापूरच्या शिळेवर छप्पर नाही. ऊनपाऊस झेलणाऱ्या या देवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मात्र २०१६च्या गुढीपाडव्यापर्यंत जाता येत नव्हते. उघड्यावर असणे आणि सर्वांना खुले असणे, यांत केवढे अंतर!

शब्दांचेही तसेच आहे: समोर असलेला शब्द प्रत्येकाला खुला असतोच असे नाही. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. सहा शतकांनंतर त्याच तालुक्यातल्या तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवले. १९१० साली सुरू झालेले हे सत्यशोधक पत्र खेड्यातून निघे, आणि ज्यांच्यासाठी ते निघे त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. अशा पत्राला वाचक आणायचे कुठून?

पाटलांनी भाषा शेतकऱ्याच्या ओट्यावरची ठेवली. ‘कुलकर्णीलीलामृत’ तर त्यांनी पोथीसारखे ओवीत रचले. गावाचे कान ज्या लयीला सरावले होते, त्याच लयीत गावच्या कुलकर्ण्यांनी केलेल्या पिळवणुकीची कथा आली. वाचता येत नसले, तरी ऐकता येईल अशी.

देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे सत्यशोधकांचे मूळ म्हणणे. मग शब्द आणि वाचक यांच्यामध्ये अवघड भाषेचा पुजारी का बसवावा?

१९६७ साली मृत्यू येईपर्यंत पाटील ‘दीनमित्र’ चालवत राहिले.