उद्याचा वर्तमानकाळ

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना काळांचे कोष्टक तोंडपाठ असे. भूत, वर्तमान, भविष्य; प्रत्येकाचे घर वेगळे. पण इंग्रज माणूस बोलू लागला की या घरांच्या भिंती डळमळू लागतात. 'गाडी उद्या सात वाजता सुटते,' असे तो म्हणतो. 'सुटेल' म्हणण्याची त्याला गरज वाटत नाही. 'मी सोमवारी लंडनला जात आहे,' हे वाक्यही तो रविवारी घरी चहा पीत खुशाल बोलतो. मात्र 'उद्या पाऊस पडतो' असे काही त्याला म्हणता येत नाही. उद्याचा सूर्य 'उगवतो', उद्याची गाडी 'सुटते'. उद्याचा पाऊस मात्र 'पडेल'. तो कोणाला बांधलेला थोडाच आहे!

म्हणजे हा वर्तमानकाळ घड्याळाचा नव्हे, भरवशाचा आहे. जे पक्के ठरले, ते उद्या घडायचे असले तरी आजच्या खात्यात जमा.

गंमत अशी, की धातूला प्रत्यय लावून होणारा भविष्यकाळ इंग्रजीत मुळी नाहीच. 'विल' या शब्दाचा जुना अर्थ इच्छिणे आणि 'शॅल'चा जुना अर्थ देणे लागणे. इच्छा आणि ऋण! उद्यासाठी माणसाजवळ याहून निराळे भांडवल तरी कोणते असते?

आपल्याकडे पाणिनीने याची फार पूर्वीच दखल घेतली. वर्तमानाला लागून असलेले भविष्य वर्तमानासारखे बोलावे, आणि ज्याची आशा आहे ते भूतकाळातही बोलावे, अशी मोकळीक त्याने दिली. मराठी तर दोन्ही सवलती मुक्तहस्ताने वापरते: 'उद्या येतो' आणि 'हा आलोच'!

पण व्याकरणाने दिलेली सवलत नीतीनेही द्यावी काय? दिवाळीच्या तोंडावर शिंपी 'परवा देतो' म्हणतो. तो 'देईन' म्हणाला असता तर आपण ती इच्छा समजलो असतो. 'देतो' म्हणताच ते ऋण होते. धर्मराजाने याचकाला 'उद्या ये' म्हटले, तेव्हा आपल्या भावाने काळ जिंकला म्हणून भीमाने नगारा वाजवला, अशी कथा सांगतात. भीमाचे खरे, पण त्याचे अक्षरशः ऐकले तर कोणी कोणाला शब्दच देऊ नये, आणि मग संसार चालायचा कसा? मला वाटते, ज्याची कात्री आज कापडाला लागली आहे त्याने 'देतो' म्हणावे; ज्याच्याकडे कापड अजून गाठोड्यातच आहे त्याने 'देईन' म्हणावे. उद्याला वर्तमानकाळ लावायचा तर उद्याच्या कामाचा काही भाग आज हातून झालेला असावा.

एक 'येतो' मात्र या हिशेबात बसत नाही. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परत येण्याची खात्री कोण देणार? तरीही हे खोटे नव्हे. येथे घटनेची हमी नसते, ओढीची असते. आणि ओढ आजचीच असते. दिवाळी आटोपून दूरदेशी निघालेला मुलगा 'येतो' म्हणतो आणि आई 'ये' म्हणते. ती तारीख विचारीत नाही. म्हणूनच ती मुलाने मनाशी ठरवून ठेवलेली बरी.