हात सोडू नका

माउली, घरातले वडीलधारे माणूस अत्यवस्थ आहे. डॉक्टर विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ नको म्हटले, तर आपणच त्यांना मारले असे होईल का?

असाच प्रश्न भूलतज्ज्ञांनी कॅथलिकांचे पोप बारावे पायस यांना विचारला होता. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले : जीव जपण्याचे साधारण उपाय करणे हे कर्तव्य, रुग्णाला वा घरच्यांना जबर भार होणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. मात्र जीव घेण्यासाठी सुई टोचणे त्या धर्माला मान्य नाही. वेदना शमवणे, सेवा करणे कधीच थांबवायचे नाही. पोप दुसरे जॉन पॉल २००५ साली अखेरच्या दिवसांत इस्पितळात परतले नाहीत. २ एप्रिलला व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच त्यांनी देह ठेवला.

आपणही म्हणतो, देह उसना आहे. मग तो फेकायचा नाही, आणि धनी मागू लागला तर अडवायचाही नाही. मात्र मन तपासावे : ‘नको’ म्हणतो ते त्यांच्या यातनांसाठी, की आपल्या कंटाळ्यापायी? ‘लावा’ म्हणतो ते त्यांच्यासाठी, की लोकलाजेसाठी? हे उत्तर विठ्ठलासमोर उभे राहून देता आले पाहिजे. निर्णय कोणताही होवो, त्यांचा हात मात्र सोडू नका.

रामकृष्णहरी.