हाताची घडी, तोंडावर बोट

उभे राहा. हो, तुम्हीच. मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा निळा शर्ट घालून अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात येता, खुर्चीत बसता आणि नव्वद मिनिटं तोंड उघडत नाही, ते तुम्ही. वर्गात मी तुम्हाला ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ शिकवलं, कारण तिथे एकानं बोलायचं असतं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. ते स्टेडियमसाठी नव्हतं. घरच्या संघाच्या सामन्याला तुम्ही गप्प बसलात, एवढ्यावर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण खालच्या रांगांत ढोल बडवत, घसा फोडून गाणाऱ्या पोरांना तुम्ही ‘ए, बस खाली, दिसत नाहीये’ म्हणून दटावलंत. त्याचा मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तिकीट काढलंय, खेळ बघायला आलोय, ज्याला गायचंय त्यानं गावं. मग मला सांगा, ‘घरचा सामना’ म्हणजे काय? मैदानाची मापं नियमाप्रमाणेच, गोल तेवढाच, चेंडू तोच. घरच्या संघाला फायदा होतो तो कुठून? थोडा प्रवास वाचतो, थोडी मैदानाची सवय असते. बाकीचा फायदा स्टँडमधून येतो, आणि याचा पुरावा सगळ्या जगानं करोनाच्या काळात पाहिला. जर्मनीची लीग 16 मे 2020 रोजी रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली आणि घरच्या संघांचं जिंकण्याचं प्रमाण खाली आलं. युरोपातल्या लीगांचे आकडे ज्यांनी तपासले, त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. प्रेक्षक नव्हते तेव्हा पाहुण्या संघाला दाखवल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांची संख्याही घटली. म्हणजे तुमचा आवाज खेळाडूच्या पायापर्यंत पोचतो आणि पंचाच्या शिट्टीपर्यंतही. तो तुम्ही घरी ठेवून येता आणि वर म्हणता, मी पाठिंबा द्यायला आलो होतो!

लगेच एक जण हात वर करेल. ‘बाई, आपण 2021 मध्ये इंडियन सुपर लीग तर प्रेक्षकांशिवायच जिंकलो.’ जिंकलो. तो सगळा हंगाम गोव्यात बंद दाराआड झाला. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये बिपिन सिंगनं अगदी शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि मुंबई सिटीनं एटीके मोहन बागानला 2-1 हरवून पहिला चषक उचलला. पण त्या हंगामात घरचे प्रेक्षक कोणालाच नव्हते, त्यामुळे तुमच्या मुद्द्यात दम नाही. दुसरा चषक आठवा. 4 मे 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक. समोर मोहन बागान आणि सभोवती साठ हजारांहून जास्त माणसं, बहुतेक सगळी त्यांची. आपली पोरं 1-0 नं मागे पडली, तरी त्या गर्जनेत 3-1 नं जिंकली. कप्तान होता राहुल भेके, आपल्या मुंबईचाच मुलगा. परक्या घरात एवढा आवाज अंगावर घेऊन जिंकणारा तो मुलगा स्वतःच्या शहरात आपल्यासाठी खेळायचा तेव्हा त्याला काय ऐकू यायचं, याचा विचार एकदा तरी केलात का?

केरळकडे बघा. केरळ ब्लास्टर्स आणि मुंबई सिटी हे दोन्ही क्लब 2014 मध्येच जन्मले. आपल्या कपाटात इंडियन सुपर लीगचे दोन चषक आणि दोन शिल्ड आहेत. ब्लास्टर्स तीनदा अंतिम सामन्यात हरले, चषक एकही नाही. तरीही कोचीत त्यांच्या चाहत्यांच्या ‘मंजप्पडा’ गटानं स्टेडियम पिवळं करून टाकलेलं असतं. तेवढ्यावर थांबत नाहीत, ते अंधेरीत येऊनही गातात. आपल्याच मैदानावर पाहुण्यांची गाणी आपल्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येतात, हे मी सहन करू शकत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये दिएगो फोर्लाननं याच अंधेरीत त्यांच्यावर तीन गोल ठोकले, आपण 5-0 नं जिंकलो. मैदानावर आपण त्यांना असं हरवू शकतो. स्टँडमध्ये मात्र त्यांच्यासमोर उभेच राहत नाही.

आवाज नाही, असं मला सांगू नका. मी उपनगरातच राहते. घाटकोपरची दहीहंडी, मुलुंडचं विसर्जन, बोरिवलीचा गरबा मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. वानखेडेवर ‘सचिन, सचिन’ची ती लय कोणी शिकवली नव्हती, लोकांनी स्वतः धरली. 1 नोव्हेंबर 1996 ला याच क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन आला होता, त्या रात्री अंधेरी गप्प बसली नव्हती. लांब पडतं म्हणाल, तर तेही ऐकणार नाही. घाटकोपरहून मेट्रोत बसलं की आझाद नगरला उतरायचं, तिथून संकुल चालत काही मिनिटांवर. बोरिवली-दहिसरकरांना आता डी. एन. नगरपर्यंत थेट मेट्रो आहे. सामना साडेसात-आठला सुरू होतो आणि दहाच्या आत संपतो.

आणि इंग्लंडच्या क्लबांसाठी तुम्ही मध्यरात्रीपर्यंत जागता, त्यांची गाणी तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्याला माझा विरोध नाही. पण लिव्हरपूलचं जे गाणं तुम्ही डोळे मिटून म्हणता, ते फुटबॉलसाठी लिहिलेलंच नव्हतं. ते 1945 च्या एका अमेरिकी संगीत नाटकातलं आहे. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्सनं ते नव्यानं गायलं आणि स्टँडमधल्या लोकांनी ते उचलून आपलं केलं. कुठल्या मालकानं त्यांना गाणं वाटलं नाही. तुमच्याकडे कोळीगीतांचा ठेका आहे, भजनाची टाळी आहे, मी स्वतः तुमच्याकडून घटवून घेतलेली लेझीम आहे. ‘आमची सिटी’ असं शर्टावर मिरवता, मग त्या सिटीच्या भाषेत गायला लाज कसली? आपल्या चाहत्यांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडची मुलं पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत उभी असतात, संघ दोन गोलांनी मागे असला तरी. त्यांना तुमची साथ हवी आहे. तुम्ही मोबाइल वर धरून त्यांचं चित्रण करता, स्टेटसला टाकता आणि पुन्हा बसता. दुसऱ्याच्या घशावर स्वतःची हौस भागवायची, ही सवय मी तुम्हाला लावलेली नाही.

1 जून 2018 ची गोष्ट तुमच्यातले मोठे विसरले नसतील. याच अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईला 5-0 नं हरवलं, सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. देशाच्या कप्तानाला दुसऱ्या दिवशी व्हिडिओ करून लोकांची विनवणी करावी लागली. शिव्या द्या, टीका करा, पण या, असं त्याला म्हणावं लागलं. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सगळी तिकिटं संपली, धो धो पाऊस कोसळत होता आणि लोक जागचे हलले नाहीत. भारत 3-0 नं जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे. तेच मैदान, तेच शहर, मध्ये फक्त तीन दिवस. म्हणजे जमत नाही असं नव्हतंच. कोणी हात जोडेपर्यंत आपण उठत नाही, एवढंच सिद्ध झालं. आणि त्या रात्रीनंतर पुन्हा किती जण आले?

आता दुसऱ्या बाजूच्या टोळक्याशी बोलते. गालातल्या गालात हसू नका, तुमचा गुन्हा मोठा आहे. गोलकीपर गोलकिक घ्यायला धावला की त्याच्या आईवरून सामूहिक शिवी देता, त्याला तुम्ही ‘वातावरण’ म्हणता? ते गाणं नाही. छेत्री शिव्या द्या म्हणाला होता तो स्वतःच्या संघाला, पाहुण्याच्या आईला नव्हे. तुमच्या मागे एक बाप सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसलेला असतो. मध्यंतराला तो तिला उठवून घरी नेतो, आणि ती पुन्हा येत नाही. हे कुठवर जाऊ शकतं तेही ऐका. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात स्टँडमध्ये मारामारी पेटली आणि सोळा माणसं घरी परतली नाहीत. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. महाराष्ट्रात फुटबॉलवर असं प्रेम दुसरीकडे कुठे नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तिथेही हुल्लडबाजीनं कितीदा पोलिसांचा बंदोबस्त वाढवायला लावला आहे. कोल्हापूरकरांकडून जिद्द घ्या, दगड घेऊ नका.

मी एवढी का चिडले आहे, तेही ऐका. या शहरात क्लब मरतात. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी दहा वर्षं तगला आणि 2017 नंतर दिसेनासा झाला. त्याच्याही मागे पिवळे शर्ट घालून गाणारी थोडी पोरं होती. थोडीच होती. बाकी मुंबईला तो गेल्याचं कळलंही नाही. मुंबई सिटीचा मोठा हिस्सा 2019 मध्ये परदेशातल्या बलाढ्य सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला आणि 2025 च्या अखेरीस तो ग्रुप निघूनही गेला. त्याच वर्षी लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, महिनोन्‌महिने खेळाडू घरी बसून होते. मालक हिशेब बघतो आणि जातो. प्रायोजक रिकाम्या खुर्च्या बघतो आणि जातो. गाणारा स्टँड असलेला क्लब बंद करायला निघालेल्या माणसाला हजारो लोकांना तोंड द्यावं लागतं. गप्प बसलेल्या स्टँडला कोणी विचारायलाही येत नाही.

तेव्हा गृहपाठ लिहून घ्या. पुढच्या घरच्या सामन्याआधी मला तीन गाणी हवी आहेत, मराठीत, प्रत्येकी चार ओळींच्या आत, दहा वर्षांच्या मुलाला एकदा ऐकून म्हणता येतील अशी. एक संघ मैदानात उतरताना, एक कॉर्नर मिळाल्यावर, आणि एक आपण मागे असताना म्हणायचं. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, ते लिहिणं अवघड आहे. कोणाच्या आईचं, जातीचं, प्रांताचं नाव त्यात आलं तर वही फाडून टाकेन. लेझीम आणि ढोल आत नेता येतील का, हे क्लबला आधी विचारा, दारावर हुज्जत घालू नका. शिट्टीच्या आधी अर्धा तास जागेवर हजर राहायचं आणि त्या ढोलवाल्या पोरांच्या शेजारी बसायचं, मागच्या बाकांवर नाही. मी चौथ्या रांगेत असेन, आणि कोणाचे ओठ हलत नाहीत ते मला तिथून दिसतं.